दुरून संगणक सुरू करणारी वायफाय जुळणी : डी-१ मिनी, ऑप्टोकपलर आणि ईएसपीहोम

बंद असलेला डेस्कटॉप संगणक दुसऱ्या ठिकाणाहून सुरू करता यावा, यासाठी ईएसपी-८२६६ या वायफाय मायक्रोकंट्रोलरवर (एका चिपमधल्या छोट्या संगणकावर) बेतलेली एक छोटी जुळणी अनेक हौशी मंडळी स्वतः तयार करतात. तिचे हे परीक्षण आहे. या जुळणीत तीनच महत्त्वाचे घटक असतात : डी-१ मिनी हा तयार बोर्ड, पीसी-८१७ जातीचे दोन ऑप्टोकपलर (प्रकाशाच्या मदतीने इशारा पलीकडे पोहोचवणारे स्विच) आणि बोर्डावर चालणारे ईएसपीहोम हे मुक्त फर्मवेअर, म्हणजे बोर्डाला चालवणारी आज्ञावली. मदरबोर्डवर पॉवर बटणासाठी ज्या दोन पिना असतात, त्या अर्धा सेकंद एकमेकींना जोडायच्या आणि सोडून द्यायच्या, एवढेच तिचे प्रत्यक्ष काम. हे काम कोणतीही जुळणी करू शकते. बटण दाबण्यापूर्वी संगणक कोणत्या अवस्थेत आहे हे तिला किती खात्रीने कळते, यावर मात्र तिची खरी किंमत ठरते, आणि इंटरनेटवर फिरणाऱ्या बहुतेक आकृत्यांमध्ये नेमका हाच भाग गाळलेला असतो. तो भाग भरून काढला, तर दुरून संगणक सुरू करण्याचा इतका भरवशाचा आणि इतका साधा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

हा खटाटोप करण्याआधी वेक-ऑन-लॅन, म्हणजे जाळ्यावरून संदेश पाठवून संगणक उठवण्याची सोय, वापरून पाहावे, हा सल्ला रास्तच आहे. ती सोय नव्वदच्या दशकापासून उपलब्ध आहे आणि तिला वेगळे काहीही विकत घ्यावे लागत नाही. एफएफ या किमतीचे ६ बाइट आणि त्यापुढे नेटवर्क कार्डाचा ६ बाइटांचा मॅक पत्ता (कार्डाचा ओळखक्रमांक) १६ वेळा, असे एकूण १०२ बाइटांचे ‘मॅजिक पॅकेट’ स्थानिक जाळ्यावर सोडले, की जागे राहिलेले नेटवर्क कार्ड संगणकाला उठवते. अडचण आहे ती ‘जागे राहिलेले’ या अटीत. विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमध्ये शट डाउन हे वास्तविक एक प्रकारचे हायबरनेशन असते, आणि त्या अवस्थेत जाताना विंडोज नेटवर्क कार्डाला हाक ऐकण्यासाठी तयार ठेवत नाही. वीज जाऊन परत आली, की अनेक कार्डे एकदा ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होईपर्यंत मॅजिक पॅकेटकडे लक्षच देत नाहीत. म्हणजे ज्या प्रसंगी दुरून संगणक सुरू करण्याची गरज सर्वांत जास्त, त्याच प्रसंगी ही सोय तोंडघशी पाडते. शिवाय संगणक वायफायवर असेल, तर पूर्ण बंद अवस्थेतून हा उपाय सहसा चालत नाही. ज्यांचा संगणक वेक-ऑन-लॅनला व्यवस्थित दाद देतो, त्यांना कॅबिनेट उघडण्याची गरज नाही. त्यांनी घरातल्या घरात मॅजिक पॅकेट सोडणारे उपकरण म्हणून हाच डी-१ मिनी वापरावा. ईएसपीहोममध्ये त्यासाठी तयार बटण आहे, त्यात मॅक पत्ता तेवढा भरावा लागतो.

स्मार्ट प्लगचा मार्ग त्याहून सोपा वाटतो. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर संगणक आपोआप सुरू व्हावा असा पर्याय निवडायचा आणि प्लग बंद करून पुन्हा चालू करायचा. हा मार्ग चालतो, पण प्रत्येक वेळी सगळा वीजपुरवठा तोडावा लागतो, आणि संगणक चालू असताना चुकून प्लग बंद झाला तर डिस्कवर लिहिले जात असलेले काम अर्धवट तुटते. शिवाय खरोखरीच वीज गेली आणि आली, तरी संगणक कोणी न सांगता सुरू होतो. मला हा उपाय तात्पुरताच वाटतो.

आता बोर्डाकडे वळू. ईएसपी-८२६६ ही एस्प्रेसिफ या शांघायच्या कंपनीची चिप २०१४ मध्ये हौशी लोकांच्या हाती आली आणि स्वस्त वायफायचे सगळे गणितच तिने बदलून टाकले. पुढे २०१६ मध्ये आलेल्या ईएसपी-३२ मध्ये दोन गाभे, अधिक स्मृती आणि ब्लूटूथ आहे. परंतु अर्धा सेकंद एक पिन उंचावण्यासाठी त्यातले काहीही लागत नाही. डी-१ मिनी निवडण्याचे कारण वेगळे आहे. त्यावर यूएसबी जोडणी, ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर आणि ४ मेगाबाइट फ्लॅश हे सारे अंगठ्याएवढ्या जागेत बसवलेले असते, त्यामुळे तो कॅबिनेटच्या कोपऱ्यात सहज मावतो. ईएसपी-०१ हा त्याहूनही लहान बोर्ड आणि त्यावर बसणारा तयार रिले (विजेने उघडझाप होणारा स्विच) पुष्कळांना मोहात पाडतो. त्या रिलेचे नियंत्रण मात्र जीपीआयओ-० या पिनेवर (जीपीआयओ म्हणजे चिपच्या इनपुट-आउटपुट पिना) असते, आणि चिप सुरू होताना कोणत्या पद्धतीने सुरू व्हायचे हे ती त्याच पिनेकडे पाहून ठरवते. या कामासाठी तो बोर्ड मी सुचवणार नाही.

पिनेची निवड हा दिसायला किरकोळ, पण खरा महत्त्वाचा मुद्दा आहे. ईएसपी-८२६६ मध्ये जीपीआयओ-०, २ आणि १५ या तीन पिनांवर सुरुवातीची पद्धत ठरते, आणि जीपीआयओ-१६ सुरू होताना उच्च पातळीवर असते. अशा पिनेवर बटणाचा ऑप्टोकपलर लावला, तर वीज आल्याबरोबर बोर्ड जागा होतो आणि जागा होतानाच संगणकाचे बटण दाबून मोकळा होतो. जीपीआयओ-५ आणि जीपीआयओ-४, म्हणजे बोर्डावर अनुक्रमे डी-१ आणि डी-२ अशी खूण असलेल्या पिना, या बाबतीत शांत असतात. बटणासाठी पहिली आणि अवस्था वाचण्यासाठी दुसरी वापरावी. (पिनेचे आणि बोर्डाचे नाव जवळजवळ सारखेच ठेवणाऱ्यांनी नवख्यांचा थोडा विचार करायला हवा होता.)

बोर्डाबद्दल एक तक्रार नोंदवायलाच हवी, आणि ती त्याच्या बाजारात मिळणाऱ्या असंख्य नकलांविषयी आहे. वायफायवरून पाठवताना ईएसपी-८२६६ क्षणभर ३०० मिलिअँपियरच्या आसपास प्रवाह ओढू शकते. चांगल्या बोर्डावरचा रेग्युलेटर ५०० मिलिअँपियर देऊ शकतो. काही नकलांवर मात्र २०० मिलिअँपियरच्या क्षमतेचा रेग्युलेटर बसवलेला असतो. असा बोर्ड टेबलावर बरा चालतो आणि कॅबिनेटच्या आत, जिथे सिग्नल दुबळा असल्यामुळे तो पूर्ण जोर लावून पाठवत असतो, तिथे मधूनच रीसेट होत राहतो. ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावणे ही स्वस्त खबरदारी आहे. रेग्युलेटरच अपुरा असेल तर मात्र कपॅसिटरने ते दुखणे झाकले जाते, बरे होत नाही, तेव्हा बोर्ड बदललेला बरा.

बटण दाबण्यासाठी रिले घ्यावा की ऑप्टोकपलर, यावर बरेच वाद होतात. तयार मिळणाऱ्या ५ व्होल्टच्या छोट्या रिलेची गुंडाळी ७० मिलिअँपियरच्या आसपास प्रवाह घेते, त्यासाठी वेगळा ट्रान्झिस्टर लागतो, आणि बरीच रिले मॉड्यूल पिन निम्न पातळीवर गेली की चालू होणारी असल्यामुळे सुरुवातीच्या क्षणी टिकटिक करतात. ३.३ व्होल्टचा इशारा एका बाजूने दुसरीकडे पोहोचवण्यासाठी इतके मोठे यंत्र कशाला हवे? पीसी-८१७ मध्ये आत एक एलईडी आणि समोर एक प्रकाशाला प्रतिसाद देणारा ट्रान्झिस्टर असतो. एलईडीवर साधारण १.२ व्होल्ट पडतात, उरलेल्या २.१ व्होल्टसाठी ३३० ओहमचा रेझिस्टर लावला की प्रवाह ६ मिलिअँपियरच्या जवळ राहतो आणि पिनेच्या १२ मिलिअँपियरच्या मर्यादेच्या बराच आत असतो. दुसऱ्या बाजूला ट्रान्झिस्टरचा कलेक्टर मदरबोर्डच्या बटणाच्या धन पिनेला आणि एमिटर ग्राउंड पिनेला जोडायचा. कोणती पिन धन आहे हे संगणक बंद, पण वीजपुरवठा चालू असताना मल्टिमीटरने पाहावे, तिथे ३.३ किंवा ५ व्होल्ट दिसतात. कॅबिनेटचे मूळ बटण समांतर जोडलेले ठेवावे, म्हणजे जवळ असलेल्या माणसाला नेहमीसारखेच बटण दाबता येते.

प्रामाणिकपणे सांगायचे तर बोर्डाला वीज संगणकातूनच दिली असेल, तर दोन्हींचा ग्राउंड एकच होतो आणि ऑप्टोकपलरच्या विद्युत विलगतेचा तिथे उपयोग उरत नाही. एक साधा एनपीएन ट्रान्झिस्टरही तेच काम करील. तरीही मी ऑप्टोकपलरच्या बाजूचा आहे, कारण पुढे बोर्ड वेगळ्या मोबाइल चार्जरवर चालवायचा ठरला तर जुळणीत काहीही बदलावे लागत नाही.

वीज कुठून घ्यायची याचे उत्तर एटीएक्स, म्हणजे डेस्कटॉपच्या नेहमीच्या प्रकारच्या, पॉवर सप्लायमध्येच आहे. २४ पिनांच्या जोडणीतील ९ क्रमांकाची जांभळी वायर संगणक बंद असतानाही ५ व्होल्ट देत राहते. तिला ५ व्होल्ट स्टँडबाय म्हणतात, आणि आजच्या पॉवर सप्लायमध्ये तिची क्षमता साधारण २ अँपियर किंवा अधिक असते, त्यामुळे हा छोटा बोर्ड तिला मुळीच जड नाही. मूळ वायर सोलण्यापेक्षा मध्ये बसणारी विस्तार केबल घेऊन तिच्यावर जोड करणे शहाणपणाचे. पॉवर सप्लायचे झाकण कोणत्याही कारणासाठी उघडू नये, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही धोकादायक भार राहू शकतो. सोल्डरिंग नको असेल, तर मदरबोर्डवरच्या अंतर्गत यूएसबी जोडणीतील ५ व्होल्ट घेता येतात. अनेक मदरबोर्डांवर ते बंद अवस्थेतही मिळतात. इथे बायोसमधला ईआरपी हा पर्याय आडवा येतो. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे बंद उपकरणाचा वीजवापर २०१३ पासून अर्ध्या वॅटच्या आत ठेवावा लागतो, आणि तो पर्याय चालू केला की मदरबोर्ड यूएसबीचा स्टँडबाय पुरवठा तोडतो. संगणक बंद केल्यावर बोर्ड जाळ्यावरून नाहीसा होत असेल, तर सर्वांत आधी हा पर्याय तपासावा. आणखी एक पथ्य : जांभळ्या वायरीवर चालणारा बोर्ड त्याच वेळी यूएसबी केबलनेही संगणकाला जोडू नये, कारण दोन पुरवठे एकमेकांत शिरतात.

आता गाळल्या जाणाऱ्या भागाविषयी. पॉवर बटण ही आज्ञा नसून कळ आहे. बंद संगणकावर ती दाबली तर तो सुरू होतो, चालू संगणकावर दाबली तर सेटिंगप्रमाणे बंद होतो किंवा झोपतो, आणि झोपलेल्यावर दाबली तर जागा होतो. दूरवर बसलेल्या माणसाला समोरचा दिवा दिसत नाही. त्याने खात्री करण्यासाठी दुसऱ्यांदा बटण दाबले, की नुकताच सुरू होत असलेला संगणक पुन्हा बंद होण्याच्या वाटेला लागतो. म्हणून जुळणीला ‘बटण दाब’ असे सांगण्याऐवजी ‘सुरू कर’ असे सांगता आले पाहिजे, आणि संगणक आधीच सुरू असेल तर तिने त्या आज्ञेवर काहीही न करणे हेच योग्य वर्तन आहे.

त्यासाठी अवस्था वाचावी लागते, आणि रूढ पद्धत म्हणजे मदरबोर्डवरच्या पॉवर एलईडीच्या पिनांवर दुसरा ऑप्टोकपलर लावणे. ही पद्धत मला पटत नाही. एलईडीला समांतर जोडले तर ऑप्टोकपलर १.२ व्होल्टलाच प्रवाह ओढू लागतो आणि कॅबिनेटचा निळा किंवा पांढरा दिवा, ज्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, विझून जातो. एकसर जोडले तर दिवा मंदावतो. त्याहून मोठी अडचण अशी, की बऱ्याच मदरबोर्डांवर संगणक झोपलेला असताना हा दिवा लुकलुकतो. ती लुकलुक फर्मवेअरमधल्या विलंबाने गाळून टाकली, तर झोपलेला संगणक चालू समजला जातो आणि ‘सुरू कर’ ही आज्ञा वाया जाते. गाळली नाही, तर उत्तर दर सेकंदाला बदलते.

त्यापेक्षा डिस्कला वीज देणाऱ्या साटा किंवा मोलेक्स जोडणीतील लाल वायरीचे ५ व्होल्ट वाचावेत. ही मुख्य ५ व्होल्टची वाहिनी संगणक खरोखर चालू असतानाच जिवंत असते. पूर्ण बंद असताना ती मेलेली असते, आणि एस-३ या नेहमीच्या झोपेतही ती मेलेलीच असते, कारण त्या अवस्थेत फक्त स्टँडबाय पुरवठा उरतो. म्हणजे ज्या दोन अवस्थांमध्ये बटण दाबायचे आहे, त्या दोन्हींमध्ये वाचन ‘बंद’ येते, आणि ज्या अवस्थेत दाबायचे नाही, तिच्यात ‘चालू’. यापेक्षा नेमके वाचन मागूनही मिळणार नाही. लाल वायर, १ किलोओहमचा रेझिस्टर, ऑप्टोकपलरची एलईडी आणि ग्राउंड असा मार्ग केला, की ३.८ मिलिअँपियर वाहतात. पलीकडे कलेक्टर डी-२ पिनेला आणि एमिटर ग्राउंडला, पिनेचा अंतर्गत पुल-अप (मोकळ्या पिनेला उच्च पातळीवर ठेवणारा रेझिस्टर) चालू. संगणक चालू असताना पिन निम्न पातळीवर जाते, म्हणून फर्मवेअरमध्ये ते वाचन उलटे करून घ्यायचे. संगणकाला पिंग (जाळ्यावरून ‘आहेस का?’ अशी विचारणा) पाठवून अवस्था ओळखण्याचा पर्याय काही जण सुचवतात. परंतु संगणक सुरू होत असतानाच्या मिनिटभरात पिंगला उत्तर येत नाही, आणि नेमक्या त्याच मिनिटात दुसऱ्यांदा बटण दाबले जाण्याचा धोका असतो.

बटण किती वेळ दाबायचे यालाही मर्यादा आहे. ऑपरेटिंग सिस्टिमची पर्वा न करता ४ सेकंदांच्या दाबाने संगणक सक्तीने बंद होतो, असे एसीपीआय या वीजव्यवस्थापनाच्या मानकातच आहे. पिन उंचावली आणि फर्मवेअर मध्येच गोठले, तर नुकताच सुरू झालेला संगणक ४ सेकंदांत पुन्हा बंद पडेल. सुदैवाने चिप रीसेट झाली की जीपीआयओ-५ पुन्हा इनपुट होते आणि ऑप्टोकपलर सुटतो. चिपमधला वॉचडॉग, म्हणजे फर्मवेअर गोठले का यावर लक्ष ठेवणारा भाग, तो रीसेट घडवून आणतो, त्यामुळे प्रत्यक्षात हा धोका फार मोठा नाही. हीच ४ सेकंदांची सोय गोठलेल्या संगणकासाठी कामाची आहे. त्यासाठी ५ सेकंदांचे वेगळे ‘सक्तीने बंद’ बटण ठेवावे, आणि ते ‘सुरू कर’च्या शेजारी मुळीच ठेवू नये.

फर्मवेअरमध्ये ईएसपीहोम मला सर्वांत सुटसुटीत वाटते. २०१८ पासून विकसित होत असलेल्या या प्रकल्पात सी भाषेतला प्रोग्रॅम न लिहिता यामल या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये वर्णन करायचे असते : ही पिन आउटपुट, ती पिन इनपुट, हे बटण, आणि बटण दाबले असता इनपुट ‘बंद’ असेल तरच आउटपुट ५०० मिलिसेकंद उंचावून खाली आण. सगळे वर्णन पानभरात संपते आणि पुढचे बदल वायफायवरून चढवता येतात. एक खोच मात्र ध्यानात ठेवावी. ईएसपीहोमचा स्वतःचा एपीआय (इतर प्रणालींना जोडून घेण्याचे दार) चालू असेल आणि १५ मिनिटे कोणीही त्याला जोडले गेले नाही, तर बोर्ड आपणहून पुन्हा सुरू होतो. होम असिस्टंट ही घर-नियंत्रणाची प्रणाली त्याला कायम जोडलेली राहते, म्हणून ती वापरणाऱ्यांना ते कधी जाणवत नाही. फक्त वेब पान वापरणाऱ्यांनी ती मुदत शून्य करावी. टास्मोटा हा दुसरा प्रौढ पर्याय. त्यात पल्सटाइम ५ अशी आज्ञा दिली की अर्ध्या सेकंदाचा दाब तयार होतो, पण अवस्थेची अट घालण्यासाठी त्याचे नियम लिहावे लागतात, आणि ते वाचायला ईएसपीहोमच्या मानाने अवघड आहेत.

घराबाहेरून पोहोचण्याचा प्रश्न बोर्डाने सोडवावा, अशी अपेक्षा करू नये. ईएसपी-८२६६ मध्ये प्रोग्रॅमच्या वाट्याला साधारण ८० किलोबाइट स्मृती येते. एन्क्रिप्टेड वेब जोडणी सांभाळताना ती मेटाकुटीला येते. राउटरवर पोर्ट उघडून बोर्डाचे वेब पान थेट इंटरनेटवर मांडणे म्हणजे संगणकाचे बटण रस्त्यावर टांगणे होय. राउटरवर किंवा घरातल्या कायम चालू असलेल्या छोट्या यंत्रावर वायरगार्ड हा व्हीपीएन (घरच्या जाळ्यात येण्याचा सुरक्षित खासगी मार्ग) बसवून त्यातून आत यावे, हे सर्वांत चांगले. एमक्यूटीटी ही उपकरणांमध्ये संदेश पोहोचवण्याची पद्धत वापरणाऱ्यांनी ब्रोकरशी, म्हणजे संदेश वाटणाऱ्या सर्व्हरशी, जोडणी टीएलएसवर (एन्क्रिप्ट करून) ठेवावी. स्वतः वेब सर्व्हर लिहिणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे : साध्या दुव्यावर गेल्याने संगणक सुरू होईल अशी रचना करू नये. संदेशांची अॅप दुव्याची झलक दाखवण्यासाठी तो स्वतःच उघडून पाहतात, आणि त्यांनी पाहिले तरी बटण दाबले जाते. ईएसपीहोमचे वेब पान अशा कृतीसाठी पोस्ट विनंती (नुसता दुवा उघडल्याने न जाणारी) मागते, हे बरे आहे.

कॅबिनेट पोलादी असेल, तर आत ठेवलेल्या बोर्डाचा सिग्नल बराच घटतो. बोर्ड पुढच्या प्लॅस्टिकच्या आवरणामागे अँटेना बाहेरच्या बाजूला करून बसवावा, किंवा बाहेरच्या अँटेनाची सोय असलेला डी-१ मिनी प्रो घ्यावा. त्यात मात्र शून्य ओहमचा एक रेझिस्टर जागेवरून हलवावा लागतो, आणि ते काम बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नशिवाय जमत नाही. ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते, म्हणून राउटरवर तो पट्टा चालू हवा.

वीजवापराचे गणित जुळणीच्या बाजूने आहे. वायफायला जोडलेला बोर्ड सरासरी ७० मिलिअँपियर घेतो असे धरले, तर ५ व्होल्टवर ०.३५ वॅट होतात, म्हणजे वर्षाला ३ युनिटांच्या आसपास. हवा तेव्हा मिळावा म्हणून ५० वॅटचा संगणक अखंड चालू ठेवला, तर वर्षाला ४३८ युनिट जळतात.

संगणक सुरू झाल्यानंतर पडद्यावर काय दिसते, हे ही जुळणी सांगू शकत नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल आणि सुरुवातीलाच पासफ्रेज मागितला जात असेल, तर संगणक तिथेच थांबून राहील आणि दूरस्थ डेस्कटॉप कधीच जोडला जाणार नाही. बायोसमध्ये शिरायचे असेल किंवा ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसवायची असेल, तर रास्पबेरी पायवर चालणारे पायकेव्हीएम घ्यावे. ते पडद्यावरचे चित्र पाठवते, कीबोर्ड आणि माउस यांची नक्कल करते आणि पॉवर बटणही दाबते. लॅपटॉपमध्ये बटणाच्या सुट्या पिना मिळत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी हा मार्ग नाही. ज्या डेस्कटॉपची ऑपरेटिंग सिस्टिम विनाव्यत्यय लॉगिनपर्यंत पोहोचते आणि ज्याच्या मालकाला मल्टिमीटर धरता येतो, त्याच्यासाठी मात्र मी डी-१ मिनी, दोन ऑप्टोकपलर आणि लाल वायरीवरचे वाचन अशी जुळणी निःशंकपणे सुचवीन; लाल वायर नको म्हणणाऱ्याला ती सुचवणार नाही.